पडद्यावरचं माझं रक्त

चि. विजूस अक्काचा आशीर्वाद.

मी ठीक आहे. पोरं मजेत ना?

हिंजवडीत मी झाडलोट करते त्या कंपनीत सोनोग्राफीसारखं मशीन बनवतात. हातावर गार चिकट मलम लावलं की सुईशिवाय शिरेतलं रक्त पडद्यावर दिसतं, दाट की पातळ ते कळतं. महिनाभर मशीन तपासायला माझाच हात घेतायत. मला वाटलं, माझ्या शिरा ठळक म्हणून.

परवा वैतागून विचारलं, काय निघालं ते तरी सांगा. तेव्हा मशीन चालवणाऱ्या दिव्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचं रक्त फार कमी आहे. असं माणूस आम्हाला मिळत नव्हतं. अजून पंधरा दिवस रक्तवाढीच्या गोळ्या घेऊ नका, आकडे बदलतील."

म्हणजे महिनाभर त्यांना ठाऊक होतं. जिन्यावर मला धाप लागायची, तेही बघत होते. मी म्हटलं, "मशीन बिघडलं तर त्याच दिवशी माणूस बोलावता. मी पंधरा दिवस थांबू होय?" संध्याकाळीच थेरगावच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या.

दिवाळीत तूही पांढरीफटक दिसलीस. तुझ्याकडे असलं मशीन नाही, सुई टोचून रक्त तपासून घे. आणि आकडा काय आला ते तिथंच उभी राहून विचार. आपणहून कोणी सांगत नाही.

तुझी अक्का,
कुसुम