जुन्या गल्लीतलं नवं दार

दि. ४ फेब्रुवारी
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुमची गल्ली जुनी म्हणून जपणार हे वाचून एवढी हरखले की भात करपला. आमच्याकडे जुना बाजार पाडायचा सोडून तसाच राखला, तर बघायला माणसांची रीघ लागली. बेकरीवाल्याने दोन माणसं वाढवली, चांभाराला मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या सुतारकामालाही असेच दिवस येतील बघ.

पण कोणती दुकानं जपायची ते ठरवायला समितीची माणसं येणार आणि तुझ्या दुकानाचं दार अजून तेच, खालून उंदरांनी कुरतडलेलं? जगाची दारं-खिडक्या करतोस आणि स्वतःच्या दुकानाची ही कळा! पाहुणे यायच्या आत सगळं नवं कर. बायकोचं ऐकत नाहीस, निदान मोठ्या बहिणीचं ऐक.

दोघांनी जपून राहा, माझी माया आहेच.
तुझी, ताई

दि. २१ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा शिरसावंद्य. दार, खिडक्या, वरचा कठडा, सगळं पक्क्या लाकडात नवं केलं. अगदी जुन्यासारखंच, कुठे खिळा नाही. जुनं लाकूड हिने पाणी तापवायला जाळलं.

काल समिती आली. शेजारच्या शिंप्याने साधी धूळ झटकली नव्हती. समितीच्या बाई त्याच्या तडकलेल्या चौकटीवरून हात फिरवत होत्या, तेव्हा मलाच लाज वाटली. माझ्या दाराशी मात्र बराच वेळ थांबल्या. कधीचं आहे, असं विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, गेल्या महिन्यातच माझ्या हातांनी केलं. त्यांनी लगेच लिहून घेतलं. घराण्याचं नाव काढलं बघ आपण!

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा, धाकटा

दि. ९ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.

गल्लीतली अकरा दुकानं जपायच्या यादीत आली, माझं नाही. ‘सर्व काम नवीन’ असा शेरा आहे. आता बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा हवी, म्हणून माझं पाडणार. जागा पालिकेची, आपण तीन पिढ्यांचे भाडेकरू. बोलणार काय?

समितीच्या कचेरीत गेलो. बाईंनी बसवून पाणी दिलं, कामाचं कौतुकही केलं. म्हणाल्या, जुनी एखादी फळी तरी दाखवा. मी उठून आलो.

तू मनाला लावून घेऊ नकोस.
तुझा, धाकटा

दि. १८ जून
चि. धाकट्यास आशीर्वाद.

काय लिहू? ह्यांनी ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, सगळं नियमाला धरून आहे. मी तीन अर्ज पाठवले, पोच एकाचीही नाही. माझ्याच जिभेने तुझं दुकान घालवलं रे. निदान चार शिव्या तरी दे. नाहीतर दोघं इकडे निघून या, वरची खोली रिकामीच आहे.

पत्राची वाट बघते.
तुझी, ताई

दि. २ सप्टेंबर
ती. ताईस सा. न. वि. वि.

दुकान अर्ध्या दिवसात गेलं. शिव्या कसल्या देऊ? आयुष्यात एकदाच तुझं ऐकलं, त्यात तुझा काय दोष.

शिंप्याने मागच्या पडवीत जागा दिली आहे. तू लिहिलं होतंस ते खरंच झालं. गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही, शिंप्याने आणखी दोन यंत्रं घेतली. मलाही काम आहे. गाड्यांच्या जागेवर पावत्या फाडणाऱ्या माणसासाठी लाकडी खोली हवी आहे, आपलं दुकान होतं बरोबर तिथेच. असं काम जाणणारा गावात मी एकटा, म्हणून बाई स्वतः आल्या. गल्लीला शोभली पाहिजे, म्हणाल्या, शंभर वर्षांची वाटली पाहिजे.

मी हो म्हटलं. नाही म्हणून खाणार काय? काल दार झालं. फार सुरेख झालं आहे, ताई. आज सकाळपासून त्याला साखळीने मारून जुनं करतो आहे.

पुढच्या पत्रात या कामाचं काही विचारू नकोस. बाकी लोभ आहे तसाच असू दे.
तुझा, धाकटा