तुळजाचं औषध मी लपवलं, त्याबद्दल

पूर्णा, रविवार

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या भावाचा, हिरामणचा, दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत, म्हणून लिहितो. पण आपली तुळजा (माझ्या कुणालची पाच वर्षांची लेक) दोन महिने बद्धकोष्ठाने अडून बसली आहे, आणि त्यात अर्धा वाटा माझा. (अर्धा म्हणतोय तेही स्वतःवर दया करून.)

शेतावर गोडाऊन उभं राहिल्यापासून मला कामधंदा नाही, हे तू जाणतेस. दिवसभर ओटीवर बसतो, आणि ओटीला लागूनच संडास. पोरगी आत गेली की मी बाहेरून, "झाली का गो?" आत चिडीचूप. पुढे गोडाऊनचा वॉचमनही येता-जाता विचारू लागला, "चाचा, बेबी का हुआ क्या?" पोरगी शरमेने दाबूनच धरू लागली.

शेवटी दिपालीने, सूनबाईने, तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोड पातळ औषध दिलं. जेवणानंतर कमोडवर पायाखाली पाट देऊन निवांत बसवा, कोणी रागावू नका, आणि पोट साफ झालं तरी मी सांगेपर्यंत औषध थांबवू नका, म्हणून बजावलं. आठ दिवसांत पोरगी हसू-खेळू लागली. झालं, माझ्यातला वैद्य जागा झाला! रोज औषध म्हणजे आतड्यांना आळस, असं ठरवून मी बाटली तांदळाच्या कणगीत लपवली. (दिपाली घरभर शोधत होती, तिच्या मागोमाग मीही शोधत होतो.) वर, बरी झाली ना, आता कशाला हवंय, हेही मीच म्हणालो.

पंधरवड्यात पुन्हा खडा. मग चड्डी सारखी पातळ शीने भरू लागली. मला वाटलं हगवण! तीन दिवस जायफळ उगाळून चाटवलं आणि एवढी घोडी झालीस म्हणून ओरडलो. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून सांगितलं, आत खडा अडकलाय, त्याच्या कडेने पातळ झिरपतंय, पोरीला कळतही नाही. म्हणजे जे तिच्या हातात नव्हतं, त्यावरून मी तिला रडवलं. औषध कोणी थांबवलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचत होतो. दिपाली म्हणाली, "माझ्याकडूनच राहिलं, बाई." (बाटली तिला आदल्या दिवशीच कणगीत सापडली होती.) आक्का, मला माझीच लाज वाटली, तरी मी तक्ताच वाचत राहिलो. घरी येऊन कुणालसमोर कबूल केलं, पण ते वरातीमागून घोडं. औषध आता पुन्हा सुरू आहे.

तुझा,
हिरामण

ता. क. तुझ्या चुलीवरच्या भाकरीची फार आठवण येते. महिनाभर राहायला येऊ का?

आणखी एक ता. क. भाकरीचं खोटं आहे. परवा मी दिवसभर दापोड्याला साखरपुड्याला होतो, तर पोरगी पाटावर पाय ठेवून गाणं म्हणत बसली, रडली नाही, आणि पोटही साफ झालं. मी घरात असलो की पुन्हा दाबून धरते. मला जा असं कोणीच म्हटलेलं नाही. फक्त काल तुळजाने जवळ येऊन विचारलं, "आजोबा, तू परत कवा जाशील?" लवकर कळव, तिला दिवस सांगायचा आहे.