क्लासच्या वेबसाइटवरचं एक नाव

७ मे २००७
मंगेशच्या सायबर कॅफेत दोन तास. माझ्या पेटीच्या क्लासची वेबसाइट दाखवली त्याने. लग्नपत्रिकाच! वर लुकलुकणाऱ्या समया, खाली पळणारी अक्षरं, उघडल्या उघडल्या सनई. म्हटलं, अरे, मी पेटी शिकवते, लग्नं नाही जुळवत. तोही काही कमी नाही. "बाई, तुमी पत्ता काय लिहून दिलाय? 'शहापूर बाजारात कोणालाही विचारा.' आसनगावच्या नव्या बिल्डिंगीतला मानूस कोणाला विचारनार? नि फोन नंबर कुठाय?"
नंबर खरंच विसरले होते. सगळे ओळखतात अशा जागी राहिलं की असं होतं.
गेल्या वर्षी एकवीस मुलं, आता आठ. जूनमध्ये भर पडली नाही तर क्लास बंद करायचा, हे ठरलंय.

९ मे
मुलांच्या आयांचे आजवरचे फोन आठवून कागदावर उतरवले. सगळ्या तेच विचारतात. कोणते वार, वय किती लागतं, पेटी घ्यावी लागेल का, परीक्षेला बसवता का. मंगेशला म्हटलं, हेच पहिल्या पानावर टाक, बाकी झाडून काढ. आता कसं, डोळ्यांना बरं वाटतं.
एक जागा उरली. "गुरूचं नाव, बाई. सगळे क्लासवाले टाकतात."
कल्याणच्या सरांचं सांगितलं. परीक्षेसाठी दोन वर्षं जात होते त्यांच्याकडे, तेव्हा खोटं नाही. पण पेटीवर बोट ठेवायला शिकवलं ते बाबांनी. सापगावात, आमच्या बौद्धवाड्यात, त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीत मांडीशी बसवून. ते लिहायचा धीर होईना. मागे एका आईला आमची वस्ती कळली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी बंद. कारण काय, तर अभ्यास.

१३ मे, रवि.
सापगाव. बाबांना सगळं सांगितलं. ते आंबा चोखत होते.
"माजं नाव नको टाकू गो. लोक वाचतील नि पोरं पाठवनार नाय. तुजा क्लास चालू दे."
परत आंब्याकडे वळले. मला एकदम हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज.

२७ मे, रवि.
वेबसाइट सुरू होऊन आठवडा. सात फोन, पाच मुलं पक्की! त्यातली सई आसनगावची, आठ वर्षांची. आई तासभर भिंतीला टेकून बसते.
शिकवताना सरांचं नाव निघालं, सवयीने कानाच्या पाळीला हात गेला. सई म्हणते, "बाई, कान दुखतो?" सांगितलं, ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव घेताना असा हात लावायचा.
"मग पेटी पहिल्यांदा त्यांनीच शिकवली?"
पोर टक लावून बघत होती. हो म्हणता येईना.
"नाही गं. माझ्या बाबांनी." मग बोलतच सुटले. सापगाव, बौद्धवाडा, गाण्याची पार्टी, सगळं. सईची आई ऐकत होती. तास संपल्या संपल्या चपला घालून निघाल्या दोघी.
तशीच मंगेशकडे. बाबांचं नाव टाक, पूर्ण, सरांच्याही वर. जे व्हायचं ते होऊ दे.

३० मे
पाच वाजले. पाच दहा. दाराकडे बघायचं नाही असं ठरवून तिकडेच बघत होते. पाच वीसला सई धावत आत, मागून आई.
"बाई, वेबसाइट बघितली. ह्यांनाही दाखवली." मी पेटी उघडली. "बुधवारी थोडा उशीर चालेल ना? गाडीचा टाइम जमत नाय."
एवढंच! जीव भांड्यात पडला. चालेल म्हटलं, अर्धा तास झाला तरी चालेल. हसू आवरेना.
जुन्यांतली एक मात्र आज आली नाही. का, ते विचारणार नाही.

१० जून, रवि.
आता चौदा मुलं. क्लास चालू राहतोय.
बाबांना कशाला ते न सांगता कॅफेत आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, बाजार करायचा म्हणून. पडद्यावर स्वतःचं नाव वाचलं. दोनदा. वाटलं, रागावतील.
"हे कोन कोन वाचतंय?"
मंगेश म्हणाला, "कोनीपन, बाबा. अमेरिकेतला पन."
पडद्यावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "मग माज्या वर अजून एक नाव टाक. मुरबाडचा शिंपी. आमी तिकडं रोजावर कामाला जायचो, दुपारी तो दुकानात पेटी वाजवायचा. मला आत घेतला, पेटीला हात लावू दिला. तवा आमाला कोन आत घेत नव्हता."
मी हे आज पहिल्यांदा ऐकलं. नाव विचारलं.
"चाचा म्हनायचो. नाव कदी इचारलाच नाय गो." डोळे भरले होते त्यांचे.
मंगेशला वरची ओळ कोरी ठेवायला सांगितली. मंगळवारी बाबांना घेऊन मुरबाडला जाते, चाचांचं नाव शोधायला. दुकान असेल का, कोण असेल तिथे, काही माहीत नाही.