खापर फुटलं नव्हतं

माय, अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, होऊन आठ दिवस झाले तरी माझ्या कोपराजवळचा भाजल्याचा डाग गेलेला नाही. तुझ्या हातांवर असा एकही डाग मी कधी पाहिला नाही. चुलीवर उपडं घातलेलं ते मोठं मातीचं खापर, खाली कपाशीच्या पळाट्यांचा जाळ, आणि तू पुरण भरलेला गोळा तळहातावर घेऊन या हातावरून त्या हातावर झेलत मोठा करत न्यायचीस. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. पलीकडचं दिसेल एवढा पातळ झाला की अलगद खापरावर टाकायचीस. धुळ्यात आपल्या गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की पुरणाच्या मांड्यांसाठी तुला बोलावणं यायचं, आणि तू जाताना स्वतःचंच खापर घेऊन जायचीस. दुसऱ्याच्या खापरावर हात बसत नाही म्हणायचीस. जुन्या लुगड्यात गुंडाळून तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन बसायचीस.

त्या दिवशीही तसंच. लग्नातून परत येताना तू भावाच्या मोटारसायकलवर मागे बसलेली, मांडीवर खापर. गतिरोधक त्याला दिसला नाही. तू पडलीस ती दोन्ही हातांनी खापर छातीशी धरून, त्यामुळे डोक्याखाली घ्यायला हात उरला नाही. सव्वा महिना तू दवाखान्यात होतीस. लुगडं सोडून पाहिलं तेव्हा खापराला साधा ओरखडाही नव्हता. भाऊ ते बघून जेवढा रडला, तेवढा तो तू गेलीस तेव्हाही रडला नाही.

मी तुला जळगावला आणलं, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूच्या उजव्या बाजूला मार आहे, त्यामुळे डावीकडचं त्यांना असून नसल्यासारखं होईल, कालचं आज लक्षात राहणार नाही. मला वाटलं, कळलं. पण कळलं ते तू जेवायला बसलीस तेव्हा. उजवीकडची भाजी संपलेली, उजवीकडची अर्धी भाकरी संपलेली, डावीकडची तशीच, आणि तू हात धुवायला उठलेली. मी ताट फिरवून पुढे ठेवलं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "एवढं व्हतं ते पहिलेच का वाढं नही?" आपण दोघी हसलो. त्यानंतर तीन वर्षं मी रोज दोन वेळा तुझं ताट फिरवलं, आणि तू रोज मला उशिरा वाढल्याबद्दल बोल लावलास.

पहिली आखाजी आली. मी अंगणात तीन विटांची चूल मांडली, खापर ठेवलं. शेजारच्या चार-पाच बायका मुद्दाम आल्या होत्या. तुझ्या हातचे मांडे त्यांना ऐकून माहीत होते. कणीक तूच तिंबलीस. पाणी लावून लावून, आपटून आपटून अशी तिंबलीस की ओढली तर तार सुटावी. मला वाटलं, माझी माय परत आली. तू गोळा उचललास, पुरण भरलंस, मांडा झेलायला लागलीस. उजव्या हातावर तो वाढत होता. मग तुझा डावा हात थांबला. तू विसरलीस की तो हात तुझा आहे. मांडा तिथेच लोंबत राहिला, फाटला, पुरण विटांवर पडून जळायला लागलं, आणि तू मात्र उजवा हात हलवतच होतीस. एक बाई पदर तोंडाला लावून हसली. दुसरी म्हणाली, "मावशी, आता आराम करा हो, आम्ही आणू ना बाहेरून." मी तुझ्या हातातून फडक्यासारखी लोंबणारी कणीक ओढून घेतली. तू म्हणालीस, "थांब व, आखो एक करू दे." मी थांबले नाही. चुलीत पाणी ओतलं.

त्याच दुपारी मी खापर लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. भावाला फोनवर सांगितलं, आगीजवळ बसवणं बरं नाही. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. तू चुकशील आणि लोक बघतील, हे मला सोसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तू विचारलंस, "मनं खापर कोठे शे व?" मी म्हटलं, "माय, तू पडलीस ना, तेव्हाच फुटलं ते." तू कपबशी खाली ठेवलीस. तुझा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. मला वाटलं, एकदाच सांगायचं आहे, रडेल आणि संपेल. पण दुसऱ्या दिवशी तुझ्यापाशी कालचं काहीच नव्हतं. तू परत विचारलंस. मी परत सांगितलं. तू परत पहिल्यांदाच ऐकलंस. माय, अशा कितीतरी सकाळी मी तुझं खापर फोडलं, आणि ते तुझ्या डोक्यावर दहा फुटांवर, माळ्यावर अख्खं होतं.

कधी विचारायचीस, "कोनी फोडं?" एकदा मात्र हात पुढे करत माझ्याकडे सरळ बघून म्हणालीस, "खापर फुटनं ते फुटनं. मना हात ते शेतस ना?" मी उठून भांडी घासायला गेले.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी तू विचारलं नाहीस. त्यानंतर कधीच नाही. तुझे हात मांडीवर पडून राहायला लागले, आणि दोन वर्षांनी तू गेलीस.

हे सगळं आता का लिहितेय, तर गेलं वर्षभर मी दर गुरुवारी एका दवाखान्यात जाते. डोक्याला मार लागलेल्या माणसांना तिथे व्यायाम देतात, आणि बाहेर बाकावर त्यांच्या घरचे बसलेले असतात. मी त्यांच्याजवळ बसते, एवढंच. बोदवडहून एक मुलगी नवऱ्याला घेऊन येते, मला मोठ्या बहिणीसारखं बाजी म्हणते. तो शिंपी, पत्रे टाकताना छपरावरून पडला. आखाजीच्या आधीच्या गुरुवारी ती मला हळूच म्हणाली, "बाजी, रोज कात्री मागतात. मी लपवून ठेवलीय. सांगते, चोरीला गेली. रोज सांगावं लागतं."

मी म्हटलं, "आज घरी गेलीस की दे. जुनं फडकं दे, शेजारी बस, पण दे."

"वाकडंतिकडं कापतील. दीर हसतात."

"हसू दे."

तुझ्या अपघाताचं, खापराचं मी तिला मागे सांगितलं होतं. तिने विचारलं, "तुम्ही दिलं होतं का, तुमच्या अम्मीला?"

माय, मी हो म्हटलं.

आखाजीला माळ्यावरून खापर काढलं. लुगडं हात लावताच विरलं. खापर तसंच होतं. माझा पहिला मांडा फाटला, दुसरा फाटला, तिसऱ्याने कोपर भाजलं. तोच फाटका तुकडा तूप घालून निखाऱ्यावर तुझ्या नावाने ठेवला. आखाजीला पितरांना चांगला घास देतात, मला ठाऊक आहे. काल ती मुलगी भेटली. म्हणाली, "चादरीचं वाटोळं केलं बाजी, सगळी दुपार. पण कापत होते तोवर मला एकदाही ओरडले नाहीत." मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची आत जायची पाळी आली.

हे पत्र मी खापराच्या खाली ठेवणार आहे. एक राहिलंय. ज्या सकाळी तू खापर विचारलं नाहीस, त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग मला सुटल्यासारखं झालं. मी भावाला फोन केला आणि सांगितलं, मायला आता पुष्कळ बरं आहे.