कोकराचा हट्ट

उदगीर,
पोळ्यानंतरचा सोमवार

प्रिय प्रेम,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. म्हणजे मंगळवार-शुक्रवार लातूरला जाऊन डायलिसिसच्या मशीनशेजारी चार चार तास पडून राहणारी बाई जितकी ठणठणीत असते, तितकी. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, आणि ईस्टरला तू समोर आलास तेव्हा तर तिथपर्यंतही गाडी गेली नाही. तू नांदेडहून तपासण्यांचे कागद घेऊन आलास, किडनी जुळतेय म्हणालास, आणि मी ते कागद तुझ्याच पिशवीत कोंबून तुला दारातूनच परतवून लावलं. चार महिने झाले त्याला. त्या विषयावर येतेच, पण आधी मला तुला एका सिनेमाबद्दल सांगायचंय. तोही कार्टूनचा. हस, हसून घे.

संडे स्कूल अजून माझ्याच गळ्यात आहे. तुला आठवत असेल, पोळ्यानंतरच्या रविवारी आपल्या गल्लीतली पोरं खिशात मातीचे बैल घेऊन चर्चला येतात. ख्रिस्ती घरांतलीही येतात. गल्लीभर बैल असताना ती बिचारी कशी राहणार? आणि दरवर्षी चर्चच्या चाव्या सांभाळणारे रेवणप्पा काका दारात उभे राहून ओरडतात, "मूर्ती आत आणायची न्हाई म्हन्लं ना!" मग मी सगळे बैल बाहेर चपलांशेजारी ओळीनं मांडून ठेवते. यंदाही ठेवले. मुलांना प्रेमावरचा एखादा चांगला सिनेमा दाखवावा म्हणून आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मास्तरांकडून पेन ड्राइव्ह आणला होता. आधी बघून घ्यायला हवा होता, पण शुक्रवारी लातूरहून आले की माझ्यात काही उरत नाही. पडद्याच्या जागी चादर लावली, प्रोजेक्टर सुरू केला, आणि बघते तर काय, सिनेमाचा नायकच मातीचा बैल! पोरांचे वीतभर बैल बाहेर चपलांत, आणि क्रुसाच्या बाजूला चादरीवर हा दहा फुटी. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बंद करायला मी उठलेही, पण पोरांनी असा काही गलका केला की काकाच म्हणाले, "राहू दे अंजू, बघू तरी काय करतोय त्यो."

गोष्ट एवढीशीच आहे. एका कुंभारानं केलेली मातीची जनावरं अजून कच्ची आहेत, भाजायची राहिली आहेत. कुंभार गावाला गेलेला, आभाळ भरून आलेलं. भट्टीच्या छपराखाली पोचलं तरच वाचायचं, आणि मधे ओढा. तेव्हा बैल ओढ्यात आडवा पडतो आणि सगळ्यांना म्हणतो, माझ्या पाठीवरून जा. प्रेम, ज्यांनी कुणी हे चित्र काढलंय त्यांच्या हातांना मी मनापासून नमस्कार केला. बैलाच्या पाठीवर कुंभाराच्या अंगठ्यांचे ठसे आहेत, आणि पाणी चढेल तसा एकेक ठसा पुसत जातो. कुणी रडत नाही, कुणी भाषण करत नाही. कोंबडी जाते, ससा जातो, हत्तीसुद्धा जातो, आणि बैल मान वर धरून मोजत राहतो, कोण राहिलं, कोण राहिलं. वीस वर्षं मी मुलांना ख्रिस्ताचं बलिदान शिकवतेय. फळ्यावर क्रूस काढला, गाणी म्हटली, वचनं पाठ करून घेतली. पण एका जिवानं दुसऱ्यासाठी स्वतःला खर्ची घालणं म्हणजे काय, ते या अंगठ्याच्या ठशांनी मला जसं दाखवलं तसं मला एकदाही दाखवता आलं नव्हतं. मागच्या बाकावर काका उपरणं डोळ्यांना लावून बसले होते. विचारलं तर म्हणाले, प्रोजेक्टरच्या उजेडानं डोळे दुखायलेत.

शेवटी राहतं एक कोकरू. ते काठावर अडून बसतं. तू विरघळतोयस, मी तुझ्या पाठीवर पाय देणार नाही, म्हणतं. मला भरून आलं. किती गुणी, किती मायाळू कोकरू, असंच मी मुलांना सांगणार होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून महामाया ताडकन उठली. ही शेजारच्या गायकवाडांची तिसरीतली पोर. विहारातही जाते आणि रविवारी मैत्रिणीबरोबर आमच्याकडे गाण्यांना येते. ती चादरीकडे बोट करून ओरडली, "बावळट हाय की ही! त्यो हिच्यासाठीच भिजायलाय, अन् ही नको नको म्हनत तितंच हुबी! जा की गं लवकर, त्यो संपायलाय!"

सगळी पोरं हसली. मी नाही हसले. खरंच, कोकरू नको म्हणत होतं तेवढा वेळ बैल पाण्यातच होता. त्याच्या नकारानं बैलाचा एक कणही वाचत नव्हता. नंतर शिकवायची वेळ आली तेव्हा तयार करून नेलेला धडा बाजूला ठेवला आणि मुलांना प्रभूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट सांगितली. प्रभू पाय धुवायला वाकला, तर हा पठ्ठ्या पाय आखडून बसला, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत म्हणून. आजवर मला तो पेत्राचा नम्रपणा वाटायचा. काल बोलता बोलता कळलं की तो ताठा होता, आणि ताठा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

आता ऐक. बाबा गेले तेव्हा तू अकरावीत होतास आणि मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला. तू कंधारच्या मामाकडे अभ्यासाला जातो म्हणून गेलास आणि माझ्या फीसाठी नांदेडला वेल्डिंगच्या दुकानात उभा राहिलास. मला कळलं ते दिवाळीत, तुझ्या मनगटांवरचे ठिणग्यांचे डाग बघून. तेव्हा मी तुला काय म्हटलं? "शिकला असतास तर बरं झालं असतं." बस, एवढंच. मास्तरीण झाले, पगार घेतला, तुला पत्रं लिहिली, तुझ्या पत्रांतल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवल्या. आभार मात्र कधी मानले नाहीत. मानले असते तर मान्य करावं लागलं असतं की मी तुझ्या जिवावर उभी आहे. ईस्टरला सगळ्यांना सांगितलं, त्याची पोरगी लहान आहे, बायको काय म्हणेल, त्याला जड उचलायचं काम असतं, म्हणून मी नको म्हटलं. शिल्पानं तर त्याच आठवड्यात मला फोन करून सांगितलं होतं, "अक्का, आमचं दोघांचं ठरलंय, तुम्ही फकस्त हो म्हना." ते तुला तिनं सांगितलं असेल की नाही, ठाऊक नाही. म्हणजे काळजी वगैरे निम्मी खरी. खरं कारण हे की धाकट्या भावाकडून दुसऱ्यांदा घ्यायला मोठ्या बहिणीची मान वाकत नव्हती. "उपकार करायला येऊ नकोस" असं मी तुला दारात म्हटलं, ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वाक्य आहे. मला माफ कर.

उद्या मंगळवार, मशीनचा दिवस. डॉक्टरांना मी सांगणार आहे की माझी तयारी आहे. माझ्या हाताच्या नसा आता मशीनच्या सुयांना दाद देत नाहीत, आणि वाट बघण्यात फार वेळ घालवू नका असं ते दोन महिन्यांपासून म्हणतायत; हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझं मन आता फिरलं असेल तर तेही तुझ्या हक्काचं आहे, मी एका शब्दानं बोलणार नाही. पण तू देतोस आणि मी उपकार केल्यासारखं घेते, असं या वेळी व्हायला नको. म्हणून हे पत्र. जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही याचा मला फार गर्व होता, प्रेम. आज मागते आहे. मला जगायचंय. तुझी किडनी मला दे.

तुझीच,
अंजूअक्का