टेकडीच्या वाटेचं नाव

पेटीग्रू काउंटी, मिसुरी
९ एप्रिल १९७४

चि. ऑर्विल यास व्हेल्माताईचे अ. उ. आ. वि. वि.

इकडं सगळे जिवंत आहेत, तिकडचं कळव. गुडघ्यांचं रडगाणं नको, मलाही दोन आहेत.

काम असं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालचं गाव गेलं, गिरणी गेली, आपलं मक्याचं रान गेलं. वर राहिली ती टेकडीवरची थडगी आणि तिथं जाणारी वाट. मे महिन्यात थडगी झाडायच्या रविवारी सगळे कुदळी आणि जेवण घेऊन जातात, एरवी कोण फिरकतंय? आता सेंट लुईसच्या कोवाल्स्की नावाच्या माणसानं ती जमीन घेतलीय आणि वाटेवर फाटक घालून कुलूप ठोकलंय. काउंटीचे पंच म्हणतात, वाट सगळ्यांची आहे असं जुन्या माणसांनी शपथेवर सांगा, नाहीतर नकाशावरून काढतो.

तिथं आई आहे, माझा नवरा हायरम आहे, आणि त्याच्या शेजारची जागा माझी आहे. मला दुसरीकडं पुरलंत तर उठून चालत येईन. टपालाची खेचरं तू त्याच वाटेनं हाकलीस. येऊन सांग.

लोभ आहेच, तो काय मागायचा.
व्हेल्मा

बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया
२० एप्रिल

ती. ताईस ऑर्विलचा शि. सा. न. वि. वि.

येणं जमत नाही. डॉक्टर बसचा प्रवास नको म्हणतो आणि बायको डॉक्टरच्या बाजूची. शपथेवर लिहून, वकिलाचा शिक्का मारून सोबत पाठवलंय. टॅकेट वाट आपल्या टॅकेट आजोबांनी काढली, असं ठणकावून लिहिलंय.

इथली जमीन ताटासारखी सपाट. ना चढ, ना ओढा. त्या वाटेवर आई ओढ्यात शिरताना बूट हातात घ्यायची, आठवतं? थडग्यांसाठी कागदाची फुलं मेणात बुडवून आठवडाभर वाळत ठेवायची, आणि तू घसरलीस तेव्हा टोपली उलटून ती सगळी तरंगत निघाली. आई तुला सोडून फुलांमागं धावली. अजून हसू येतं.

तुझ्या शिव्या पोचत राहोत, त्यावरच माझं चाललंय.
ऑर्विल

पेटीग्रू काउंटी
२८ मे

चि. ऑर्विल यास अ. उ. आ.

घसरले नव्हते, तू ढकललंस. असो.

कचेरीत आपल्या लोकांनी अब्रू घालवली. शेजारच्या बोहॅननांनी शपथ घेतली ती बोहॅनन वाटेची. स्टिल मंडळी म्हणाली, ती तर स्टिलची वाट. वर तुझा कागद टॅकेट वाटेचा. आणि प्रत्येकानं छातीवर हात ठेवून सांगितलं की बाकीची नावं आयुष्यात ऐकली नाहीत. कारकुनानं लिहून घेतलं की वाटा तीन, आणि एकीलाही दुसरा साक्षीदार नाही. पंच म्हणाले, जेवून या आणि एक नाव ठरवा, नाहीतर वाट गेली.

कचेरीच्या अंगणात भांडण जुंपलं. म्हातारा लेम्युएल बोहॅनन म्हणाला, टॅकेटांच्या वाटेनं स्वर्गात जाण्यापेक्षा तो आपल्या वाटेनं नरकात जाईल. मी म्हटलं, तुझं तिकीट कुठलं ते आम्हाला ठाऊक आहे. कोवाल्स्की भिंतीला टेकून पाव खात होता. मला वैताग आला. म्हटलं, या माणसाचं नाव द्या, याच्या आजोबांशी कुणाचं वाकडं नाही. मग एकेकानं मान डोलावली, कारण शेजाऱ्याला मिळण्यापेक्षा परक्याला मिळालेलं बरं.

कोवाल्स्कीचे कान लाल झाले. त्यानं सांगितलं, धरणाच्या तळ्यावर मासे धरायला येणारे बाटल्या फोडून जातात म्हणून फाटक घातलं, थडग्यांचं त्याला कुणी बोललंच नव्हतं. खरंच आहे, आम्ही नुसते शिव्या देत होतो. आता स्वतःच्या नावाच्या वाटेला कुलूप कसं लावायचं, म्हणून त्यानं फाटक काढलं.

परवाच्या रविवारी सगळे गेलो. तळलेली कोंबडी, सुक्या सफरचंदांचा केक, नेहमीचंच. आईजवळ मेणाची फुलं ठेवली. कोवाल्स्की बायकोला घेऊन आला. बाई फार वाळलीय, डोक्याला रुमाल, टेकडी चढताना तीनदा बसली. ती पाण्याकडं बघत राहिली. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, इथं आपलं कुणी पुरलेलं नसेल तर जागा मिळते का.

लेम्युएल मागंच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. आता हा काहीतरी वाकडं बोलणार म्हणून मी तयारीत राहिले. त्यानं कुदळ उचलली, देवदाराखाली सावलीतली, स्वतःच्या आईशेजारची मोकळी जागा बघितली, आणि गवत काढायला बसला.

जपून राहा, आणि मधूनमधून ताईला भांडायला एखादं पत्र टाकत जा.
व्हेल्मा