बिनऔषधी दाणा

४ जुलै २००३
आले: पिल्लं पाचशे, सहा हजार रुपये. दाणा दहा पोती, बावनशे. पाण्यात घोळायची पावडर, नऊशे. ह्यांची सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यातली नोकरी सुटल्यावर घातलेल्या शेडातली ही तिसरी खेप.

एकही पिल्लू आजारी नाही, मग औषध काहून? दाण्याचे दुकानवाले नरहरभाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही समई अंधार पडल्यावरच लावता का?" हे हसले. पूजा आटोपून मीच घोळलं.

९ जुलै
बाळंतपणाला आलेली आमची लेक अनुश्री बाळंत झाली. मुलगी! टाके पडलेत.

१६ जुलै
टाके पिकले. ताप हटत नाही. दोन औषधं वाया गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी कोंबड्या आहेत का? पावडरीचं नावही विचारलं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, मी शिवत नाही — पण पोरीच्या अंगात ताकद यावी म्हणून आधीच्या खेपेतली कोंबडी दर रविवारी शिजवली. घरचं म्हणून!

बाई म्हणाल्या, "त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण कोंबड्यांना रोज पाजता, त्याच जातीचं औषध हिला लागू पडून नाही राहिलं."

सलाईनचा थेंब पडतो, अन् मला चोची पाण्यात बुडाल्याचा आवाज येतो.

१७ जुलै
महादेवापुढे पाणी सोडलं. आता या हातानं पावडर घोळणार नाही. हे चिडले. मेल्या तर तुझा देव भरून देणार काय, म्हणाले.

२४ जुलै
आज तीन मेल्या. शेडाकडे पाहवत नाही.

२ ऑगस्ट
तिसऱ्या औषधानं ताप उतरला. अनुश्री घरी आली. बाकी पक्षी ठणठणीत. देवानं राखले.

८ ऑगस्ट
शेजारच्या कमलाताईंची सून पोटुशी. एक कोंबडी मागितली. मी छातीवर हात ठेवून सांगितलं — आमच्यात औषधाचा थेंब नाही. अनुश्रीलाही शिजवून वाढलं. "आई, आता तरी घाबरून नको राहू," म्हणाली.

१० ऑगस्ट
नरहरभाऊ आले. मी महादेवापुढे पाणी सोडल्याचं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "वहिनी, पावडरीचा डबा तुम्ही बंद केला. दाण्यातलं कोण बंद करते? ते तर कारखान्यातूनच मिसळून येते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून बसलेले. ह्यांना ठाऊक होतं.

कमलाताईंच्या दारापर्यंत गेले. सून म्हणाली, "मावशी, रस्सा लई छान झाला होता." तशीच परतले.

११ ऑगस्ट
नागपूरच्या कारखान्याला कार्ड टाकलं: 'बिनऔषधी दाणा मिळतो का, उलट टपाली कळवावे. तुमच्या दाण्याची पोती तोंड शिवून ठेवली आहेत. पक्षी कालपासून उपाशी आहेत.'